वेबलॉजिकवर दोन सर्व्हरांचं क्लस्टर: उभं कसं करायचं आणि मुद्दाम पाडून कसं बघायचं

वेबलॉजिक म्हणजे जावाची ॲप्लिकेशन्स चालवणारा सर्व्हर. ते शिकवणारे बहुतेक लेख लॉगमध्ये ‘रनिंग मोड’ उमटलं की संपतात. कन्सोल उघडला, हिरवी खूण दिसली, झालं. पण एकच सर्व्हर चालवायचा असेल तर वेबलॉजिक हवंच कशाला? जावाची वेब ॲप्लिकेशन्स चालवणारं टॉमकॅट फुकट आहे, हलकं आहे आणि दहा सेकंदांत उठतं. वेबलॉजिकचे पैसे मोजायचे ते एका सर्व्हरने मान टाकली तरी ग्राहकाची ऑर्डर हरवू नये म्हणून. आणि ती हरवत नाही हे आपण स्वतः सर्व्हर पाडून पाहिलं नसेल, तर आपण नुसतं महागडं टॉमकॅट चालवतोय.

म्हणून या लेखात ॲप्लिकेशन चालवणारे दोन मॅनेज्ड सर्व्हर (एकत्र काम करणारा त्यांचा गट म्हणजे क्लस्टर), एक डेटाबेस आणि एक क्यू, म्हणजे मेसेजची रांग, उभी करू, आणि शेवटी तोडफोड करू. जावा आणि लिनक्सची तोंडओळख आहे असं धरून चाललोय.

उदाहरण साधं घेऊ. समजा औषधांचा घाऊक व्यापार आहे. दुकानदार वेबवरून ऑर्डर टाकतो. ऑर्डर डेटाबेसच्या टेबलात जाते आणि त्याच वेळी गोदामासाठी एक मेसेज क्यूमध्ये पडतो. गोदामाचा प्रोग्रॅम तो मेसेज उचलून माल काढायची चिठ्ठी बनवतो. नोंद झाली पण मेसेज गेला नाही, तर दुकानदार वाट बघत बसतो. मेसेज गेला पण नोंद झाली नाही, तर माल जातो आणि बिल बनत नाही. दुसरी चूक मालकाला जरा लवकर कळते.

थोडा इतिहास, कारण तो रोज लॉगमध्ये भेटतो. वेबलॉजिक ही कंपनी १९९५ साली सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झाली. १९९८ मध्ये ती बीईए सिस्टिम्सने घेतली, आणि २००८ मध्ये बीईएच ओरॅकलने घेतली. तरी आजही प्रत्येक एररचा नंबर ‘बीईए’ या अक्षरांनीच सुरू होतो. कंपनी गेली, आद्याक्षरं राहिली. मुंबई-पुण्यातल्या बऱ्याच जणांची वेबलॉजिकशी गाठ पडते ती बँकांमुळे: मुंबईच्या आय-फ्लेक्सने बनवलेलं आणि आता ओरॅकलकडे असलेलं फ्लेक्सक्यूब हे बँकिंगचं सॉफ्टवेअर वेबलॉजिकवर चालतं.

आवृत्ती आणि लायसन्स आधी ठरवा

हा निर्णय शेवटी घेतला तर दोनदा काम होतं. १२.२.१.४ ला जावा ८ लागतं. १४.१.१ जावा ८ किंवा ११ वर चालतं. १४.१.२ ला जावा १७ किंवा २१ हवं. १५.१.१ मध्ये जकार्ता ईई (एंटरप्राइज जावाचं नवं रूप) ९.१ आलं, म्हणजे कोडमधली पॅकेजची नावं ‘जावाएक्स’वरून ‘जकार्ता’ झाली. जुनं कोड तिथे जसंच्या तसं चालणार नाही. मी हा लेख १४.१.२ धरून लिहिलाय: जावा नवं मिळतं आणि जुन्या पॅकेजच्या नावांना हात लावावा लागत नाही.

लायसन्सची गोष्ट सेल्सवाला पहिल्या मीटिंगमध्ये सांगत नाही, म्हणून मी सांगतो. स्टँडर्ड एडिशनमध्ये क्लस्टरिंग नाही. क्लस्टर हवं तर एंटरप्राइज एडिशन घ्या. त्याच्या वरच्या सूटमध्ये कोहेरन्स (सर्व्हरांच्या मेमरीत वाटून ठेवलेला डेटा) आणि ॲक्टिव्ह ग्रिडलिंक (रॅकसाठीची खास जोडणी) येतात. ओरॅकलचा रॅक, म्हणजे अनेक मशीनवर मिळून चालणारा, डेटाबेस असेल तरच ग्रिडलिंकचा विचार करा. शिकण्यासाठी आणि स्वतःच्या मशीनवर डेव्हलपमेंटसाठी फुकट डेव्हलपर लायसन्स आहे. इथलं सगळं त्यावर करता येतं.

इन्स्टॉल आणि डोमेन

जेनेरिक इन्स्टॉलर ही एक जार फाइल असते, ती जावानेच चालवायची. रूट युजरने इन्स्टॉल करू नका. वेगळा युजर बनवा, त्याच्या मालकीची वेगळी डिरेक्टरी बनवा. डोमेनची डिरेक्टरी मात्र इन्स्टॉलेशनच्या बाहेर ठेवा. पॅच किंवा अपग्रेड करताना प्रॉडक्ट बदलायचं असतं आणि डोमेन जपायचं असतं. दोन्ही एकात एक असली की त्या दिवशी पश्चात्ताप होतो.

मग कॉन्फिगरेशन विझार्ड चालवा. डोमेन म्हणजे एका ॲडमिन सर्व्हरच्या हाताखालचा सगळा संसार: मॅनेज्ड सर्व्हर, क्लस्टर, मशीन, डेटासोर्स (डेटाबेसच्या तयार कनेक्शनचा साठा, म्हणजे पूल), क्यू. ॲडमिन सर्व्हर कॉन्फिगरेशन सांभाळतो आणि वाटतो. ग्राहकांच्या रिक्वेस्ट त्याने हाताळायच्या नाहीत, त्यावर ॲप्लिकेशन टाकायचं नाही. ‘सध्या टाकू, नंतर हलवू’ म्हणून टाकलेली ॲप्लिकेशन्स मी पाच-पाच वर्षं तिथेच पाहिली आहेत.

डोमेनचं नाव विचार करून द्या. पुढे दोन डोमेनमध्ये ट्रान्झॅक्शन न्यावं लागलं तर दोन्हींची नावं वेगळी असावीच लागतात, आणि नाव बदलण्याचा सोपा रस्ता नाही. सगळीकडे ‘बेस डोमेन’ हे आयतं नाव ठेवणारे लोक हे दोन वर्षांनी शिकतात.

मोड प्रॉडक्शन घ्या. डेव्हलपमेंट मोडमध्ये ऑटो-डिप्लॉय वगैरे लाड असतात, त्यामुळे तिथे चाललेली गोष्ट खऱ्या ठिकाणी अडते. १४.१.२ मध्ये प्रॉडक्शन निवडलं की सिक्युअर्ड मोड आपोआप लागतो: साधे एचटीटीपी पोर्ट बंद आणि ॲडमिनसाठी वेगळा ९००२ पोर्ट. जुन्या सवयीने ७००१ वर कन्सोल शोधणारे इथे हमखास गोंधळतात. लॅपटॉपवर सरावासाठी विझार्डमध्येच सिक्युअर्ड मोड बंद करता येतो. खऱ्या सर्व्हरवर तो बंद करू नका.

जुना वेब कन्सोलही या आवृत्तीत गेला. त्याच्या जागी रिमोट कन्सोल आहे. पूर्वी ‘लॉक अँड एडिट’ दाबायचो, आता बदल आधी एका खरेदीच्या गाडीत जमा होतात आणि मग ते कमिट करायचे. सवय व्हायला आठवडा लागतो.

विझार्डमध्येच दोन मॅनेज्ड सर्व्हर बनवा, पोर्ट ८००१ आणि ८००२, आणि दोन्ही एका क्लस्टरमध्ये घाला. दोन मशीन बनवून एकेक सर्व्हर एकेका मशीनला जोडा. इथे ‘मशीन’ ही नुसती नोंद असली तरी तिला अर्थ आहे. सेशनची (युजरचं लॉगिन, त्याची कार्ट वगैरे) प्रत कुठे ठेवायची हे ठरवताना वेबलॉजिक दुसऱ्या मशीनवरचा सर्व्हर आधी बघतं. नोंदच केली नाही तर दोन्ही प्रती एकाच डब्यात बसतील आणि डब्यासकट जातील.

पहिल्यांदा सर्व्हर सुरू करताना तो युजरनेम-पासवर्ड विचारतो. दर वेळी टाइप करायचा नसेल तर सर्व्हरच्या सिक्युरिटी डिरेक्टरीत बूट प्रॉपर्टीजची फाइल ठेवा. साध्या अक्षरांत लिहिलेला पासवर्ड पहिल्या स्टार्टला तो स्वतः एन्क्रिप्ट करतो. मेमरीची सेटिंग्ज डोमेनच्या मूळ स्क्रिप्टमध्ये लिहू नका, अपग्रेडमध्ये ती पुसली जातात. त्यासाठी ‘सेट युजर ओव्हरराइड्स’ नावाची स्वतंत्र स्क्रिप्ट बनवायची सोय आहे. हीपचा किमान आणि कमाल आकडा सारखाच ठेवा.

जुन्या जावावर, व्हर्च्युअल मशीनवर सर्व्हर सुरू व्हायला पाच-दहा मिनिटं लागत असतील आणि सीपीयू मात्र गप्प असेल, तर लिनक्सकडचे रँडम आकडे संपलेले असण्याची शक्यता मोठी. जावाला ‘यूरँडम’कडे वळवलं की काम होतं. यावर मी एक अख्खा शनिवार घालवलाय.

नोड मॅनेजर

प्रत्येक मशीनवर एक नोड मॅनेजर चालतो, पोर्ट ५५५६. सर्व्हर सुरू-बंद करणं हे त्याचं दिसणारं काम. खरं काम म्हणजे पडलेला सर्व्हर पुन्हा उठवणं. नोड मॅनेजरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘क्रॅश रिकव्हरी एनेबल्ड’ ही ओळ आहे. मशीनच रीबूट झालं तर आधी चालू असलेले सर्व्हर उठवायचे की नाही, ते ती ठरवते. ती ‘ट्रू’ करा. आणि नोड मॅनेजरला लिनक्सच्या सिस्टिमडीत सर्व्हिस म्हणून टाका, नाहीतर त्यालाच कोण उठवणार?

दुसऱ्या मशीनवर डोमेन न्यायला फोल्डर कॉपी करू नका. पॅक आणि अनपॅक हे दोन कमांड त्यासाठीच आहेत. कॉपी केलेलं डोमेन सुरुवातीला चालतं, म्हणूनच ते धोकादायक.

कन्सोलमध्ये नोड मॅनेजर ‘अनरीचेबल’ दिसला, तर दहापैकी आठ वेळा कारण सर्टिफिकेटवरचं होस्टनेम आणि मशीनच्या नोंदीतलं होस्टनेम जुळत नाही हेच असतं. मशीनच्या नोंदीत ‘लोकलहोस्ट’ तसंच राहिलेलं नाही ना, ते पहिलं बघा.

सेशन दुसऱ्या सर्व्हरवर जातं, पण सांगितलं तरच

क्लस्टरमधले सर्व्हर एकमेकांना दर दहा सेकंदांनी हार्टबीट, म्हणजे ‘मी जिवंत आहे’ असा निरोप, पाठवतात. सलग तीन चुकले की तो सर्व्हर गेला असं धरलं जातं. मेसेजिंगसाठी युनिकास्ट (एकाकडून एकाला) आणि मल्टिकास्ट (एकदम सगळ्या गटाला) असे दोन पर्याय आहेत. नेटवर्कवाल्यांशी भांडण नको असेल तर युनिकास्ट घ्या.

क्लस्टर केलं म्हणजे सेशन आपोआप दुसरीकडे जातं, हा गैरसमज फार पसरलेला आहे. ॲप्लिकेशनसोबत ‘वेबलॉजिक डॉट एक्सएमएल’ ही फाइल जाते. तिच्यात सेशनचा प्रकार ‘रेप्लिकेटेड इफ क्लस्टर्ड’ लिहावा लागतो. मग प्रत्येक सेशनची एक मुख्य आणि एक दुय्यम प्रत बनते. ब्राउझरमधली जेसेशनआयडी कुकी उघडून पाहिलीत तर उद्गारचिन्हांनी तोडलेले तीन तुकडे दिसतील: सेशनचा नंबर, मुख्य सर्व्हर, दुय्यम सर्व्हर. दोनच तुकडे दिसले तर प्रत बनतच नाहीये. कुठलंही टूल न वापरता करता येणारी ही सगळ्यात चांगली तपासणी.

कोडमध्ये दोन पथ्यं. सेशनमध्ये ठेवलेला प्रत्येक ऑब्जेक्ट सीरियलायझेबल हवा. आणि दुसरं, जे लोक विसरतात: सेशनमधून कार्ट काढली, तिच्यात एक औषध वाढवलं, तर वेबलॉजिकला त्याचा पत्ता नसतो. ‘सेट ॲट्रिब्यूट’ पुन्हा केलं तरच नवी प्रत पाठवली जाते. नाहीतर सर्व्हर पडल्यावर दुकानदाराला कार्ट दिसते, पण शेवटचे चार आयटम गायब. असा बग टेस्टिंगमध्ये सापडत नाही, कारण टेस्टिंगमध्ये कुणी सर्व्हर पाडत नाही.

क्लस्टरच्या पुढे अपाचे हा वेब सर्व्हर ठेवा आणि त्यात वेबलॉजिकचं प्लगइन टाका. त्यात दोन्ही सर्व्हरांचे पत्ते एकदा दिले की पुढे ते कुकी वाचून रिक्वेस्ट योग्य सर्व्हरकडे नेतं. साधा लोड बॅलन्सर वापरणार असाल तर त्यात स्टिकी सेशन (एका युजरच्या रिक्वेस्ट त्याच सर्व्हरकडे) चालू असल्याची खात्री करा.

डेटासोर्स

नवा डेटासोर्स बनवला की कमाल कनेक्शन १५ असतात. हा आकडा प्रत्येक सर्व्हरसाठी वेगळा आहे. दोन सर्व्हर म्हणजे ३०, आठ सर्व्हर म्हणजे १२०. डीबीएला, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्याला, नेहमी गुणाकार करून सांगा, नाहीतर तो तुम्हाला फोन करून सांगेल.

‘टेस्ट कनेक्शन्स ऑन रिझर्व्ह’ चालू करा. याने कनेक्शन ॲप्लिकेशनला देण्याआधी तपासलं जातं. हे नसेल तर डेटाबेस रीस्टार्ट झाल्यावर पूलमध्ये मेलेली कनेक्शन पडून राहतात आणि प्रत्येक युजरला एकेक एरर वाटली जाते. ‘दर वेळी तपासलं तर स्लो होईल’ अशी तक्रार येते. गेल्या दहा सेकंदांत वापरलेल्या कनेक्शनवर विश्वास ठेवायची सोय आधीच आहे, त्यामुळे गर्दीत हा खर्च जाणवतही नाही.

‘इनॲक्टिव्ह कनेक्शन टाइमआउट’ मात्र जपून वापरा. कोडमध्ये क्लोज करायला विसरलेली कनेक्शन तो ओढून परत घेतो. पण एखादा रिपोर्ट खरोखर पाच मिनिटं चालत असेल आणि हा आकडा दोन मिनिटांचा असेल, तर चालत्या गाडीचं चाक काढल्यासारखं होतं. लीक शोधण्यापुरता लावा, कोड दुरुस्त करा, काढून टाका.

क्यू

इथे नावांची गर्दी होते, म्हणून क्रम सांगतो. आधी पर्सिस्टंट स्टोअर: मेसेज कुठे लिहिले जाणार ते. मग जेएमएस (जावाची मेसेजिंगची पद्धत) सर्व्हर, जो ते स्टोअर वापरतो. मग जेएमएस मॉड्यूल, ज्यात क्यू आणि तिच्याशी जोडणी देणारी कनेक्शन फॅक्टरी राहतात. शेवटी सबडिप्लॉयमेंट, म्हणजे ही क्यू या जेएमएस सर्व्हरवर, अशी गाठ. ही गाठ न मारता क्यूला ढोबळ टार्गेट दिलं तर ती भलत्याच जेएमएस सर्व्हरवर जाऊन बसू शकते.

स्टोअर फाइलचं ठेवता येतं किंवा डेटाबेसमधलं. फाइल वेगवान. पण सर्व्हर दुसऱ्या मशीनवर हलवायचा असेल तर ती फाइल दोन्ही मशीनना दिसणाऱ्या डिस्कवर हवी. तुमच्याकडे नीट शेअर्ड स्टोरेज नसेल तर डेटाबेसचं स्टोअर घ्या, थोडं सावकाश चालेल पण रात्री झोप लागेल.

क्लस्टरवर ‘युनिफॉर्म डिस्ट्रिब्यूटेड क्यू’ बनवा. बाहेरून ती एक क्यू दिसते. आत प्रत्येक सर्व्हरवर तिचा एकेक सभासद असतो. मेसेज त्यापैकी एकाच सभासदात पडतो, दोन्हीकडे नाही. सेशनची प्रत बनते, मेसेजची बनत नाही. पहिला सर्व्हर पडला तर नवे मेसेज दुसऱ्याकडे जातील, पण पहिल्याच्या पोटात असलेले मेसेज तो उठेपर्यंत किंवा त्याची जेएमएस सेवा दुसरीकडे हलेपर्यंत तिथेच राहतील. ते हरवलेले नाहीत, अडकलेले आहेत. गोदामातल्या माणसाला मात्र हा फरक समजावता येत नाही.

१२.२.१ पासून यावर बरा उपाय आहे. स्टोअर आणि जेएमएस सर्व्हर एकेका सर्व्हरला न देता थेट क्लस्टरला टार्गेट करा. स्टोअरची डिस्ट्रिब्यूशन पॉलिसी ‘डिस्ट्रिब्यूटेड’ आणि मायग्रेशन पॉलिसी ‘ऑन फेल्युअर’ ठेवा. त्यासाठी क्लस्टरला लीझिंग लागतं, म्हणजे कोण जिवंत आहे आणि कुठली सेवा कुणाकडे आहे याची नोंद. दोन प्रकार आहेत, कन्सेन्सस आणि डेटाबेस. मी डेटाबेस घेतो, कारण भांडण झालं तर टेबल उघडून बघता येतं.

एक सेटिंग विसरू नका: रीडिलिव्हरी लिमिट. मूळ आकडा उणे एक असतो, म्हणजे अनंत. एखाद्या ऑर्डरमध्ये खराब डेटा आला आणि गोदामाचा प्रोग्रॅम त्यावर अडखळला, तर तोच मेसेज परत येतो, परत अडखळतो, परत येतो. रात्रभरात लॉगने डिस्क भरते. लिमिट तीन ते पाच ठेवा, दोन प्रयत्नांमध्ये काही सेकंदांचा डिले द्या, आणि त्यानंतर मेसेज वेगळ्या एरर क्यूत टाका. मग त्या एरर क्यूकडे रोज सकाळी बघणारा माणूस नेमा. तो नसेल तर एरर क्यू म्हणजे कचऱ्याची पेटीच.

नोंद आणि मेसेज एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये

आता मूळ मुद्दा. टेबलातली नोंद आणि क्यूतला मेसेज ही दोन वेगळी साधनं. दोन्ही एकत्र व्हावीत किंवा दोन्ही होऊ नयेत, यासाठी टू-फेज कमिट. ट्रान्झॅक्शन मॅनेजर आधी दोघांना विचारतो, ‘तयार आहात?’ दोघांनी हो म्हटलं की तो आपला निर्णय स्वतःच्या लॉगमध्ये लिहितो आणि मग दोघांना कमिट सांगतो. तो लॉग प्रत्येक सर्व्हरच्या डीफॉल्ट स्टोअरमध्ये राहतो. ‘जुन्या लॉग फाइली साफ केल्या’ म्हणून उत्साहाच्या भरात डेटा डिरेक्टरी उडवणारा माणूस हा निर्णयच उडवतो.

करायचं काय? डेटासोर्स एक्सए ड्रायव्हरने, म्हणजे टू-फेज कमिट समजणाऱ्या ड्रायव्हरने, बनवा. क्यूची कनेक्शन फॅक्टरी एक्सए एनेबल करा. ऑर्डर घेणारा इजेबी (सर्व्हरवर चालणारा जावाचा घटक) कंटेनरच्या, म्हणजे तो चालवणाऱ्या वेबलॉजिकच्या, ट्रान्झॅक्शनमध्ये चालवा. बस. कोडमध्ये स्वतः कमिट लिहायचं नाही.

पण एक खाच आहे, ती वेबलॉजिकची नसून इजेबीच्या नियमांची आहे. रनटाइम एक्सेप्शन बाहेर गेलं तर रोलबॅक होतो. चेक्ड एक्सेप्शन गेलं तर होत नाही, तुम्ही तसं सांगितलं नसेल तर. आणि एक्सेप्शन पकडून फक्त लॉगमध्ये लिहिलं तर कंटेनरला वाटतं सगळं छान चाललंय. तो कमिट करून मोकळा होतो. गोदामाकडच्या प्रोग्रॅममध्ये हे झालं तर मेसेज क्यूतून जातो आणि चिठ्ठी बनत नाही. ‘मेसेज हरवतात’ म्हणून आलेल्या तक्रारींच्या मुळाशी मला क्यूपेक्षा असा कॅच ब्लॉकच जास्त वेळा सापडलाय.

एक्सए नको असेल तर ‘लॉगिंग लास्ट रिसोर्स’ नावाचा मार्ग आहे. डेटाबेसचं कमिट सगळ्यात शेवटी, साध्या ड्रायव्हरने, आणि निर्णयाची नोंद त्याच डेटाबेसच्या एका टेबलात, त्याच कमिटमध्ये. एक डेटाबेस आणि एक क्यू असा आपल्यासारखा मामला असेल तर हा वेगवान पडतो आणि सुरक्षितही आहे. किंमत एकच: तो डेटाबेस मिळाला नाही तर सर्व्हर सुरूच होत नाही. अशा वेळी वेबलॉजिकला शिव्या देण्यात अर्थ नाही, त्याला त्याचे जुने निर्णय वाचल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

टाइमआउटची उतरंड सांभाळा. जेटीएचा, म्हणजे वेबलॉजिककडच्या ट्रान्झॅक्शनचा, मूळ टाइमआउट ३० सेकंद. ओरॅकल डेटाबेसचा डिस्ट्रिब्यूटेड लॉक टाइमआउट ६० सेकंद. आतला आकडा लहान, बाहेरचा मोठा, हे बरोबर आहे. पण रिपोर्ट अडतो म्हणून कुणीतरी जेटीए ३०० करतो आणि डेटाबेसकडचा आकडा तसाच राहतो. मग अधूनमधून विचित्र लॉक एरर येतात आणि दोन्ही टीम एकमेकांकडे बोट दाखवतात. मोठ्या रिपोर्टला ट्रान्झॅक्शनच्या बाहेर काढा, आकडा वाढवू नका.

आता पाडा

हे सगळं टेस्टच्या सेटअपवर करा, पण लोड टूलने हलका लोड चालू ठेवून. रिकाम्या सर्व्हरला मारण्यात काही शिकायला मिळत नाही.

पहिला घाव: लॉगिन करा, कार्टमध्ये तीन औषधं टाका, कुकीत बघून मुख्य सर्व्हर कोणता ते शोधा, आणि त्याच्या प्रोसेसला ‘किल मायनस नाइन’ द्या. नीट शटडाउन करू नका. नीट शटडाउनमध्ये तो सगळं आवरून जातो आणि खरी दुर्घटना तशी नसते. पान रिफ्रेश करा. तिन्ही औषधं दिसली पाहिजेत, कुकीतला मुख्य सर्व्हर बदललेला दिसला पाहिजे, आणि थोड्या वेळात नोड मॅनेजरने मेलेला सर्व्हर परत उठवला पाहिजे.

दुसरा: गोदामाचा प्रोग्रॅम बंद ठेवून शंभर ऑर्डर टाका. दोन्ही सभासद क्यूंमध्ये मेसेज वाटले गेलेले दिसतील. आता एक सर्व्हर मारा, आणि यावेळी त्या मशीनवरचा नोड मॅनेजरही बंद ठेवा म्हणजे तो लगेच उठणार नाही. मायग्रेशन लागलं असेल तर काही वेळाने त्याचं स्टोअर दुसऱ्या सर्व्हरवर हललेलं दिसेल. गोदामाचा प्रोग्रॅम सुरू करा. टेबलातल्या ऑर्डर मोजा, चिठ्ठ्या मोजा. ९९ असतील तर थांबा आणि कारण शोधा. १०१ असतील तरी.

तिसरा: डेटाबेस बंद करा, पाच मिनिटांनी सुरू करा. ॲप्लिकेशन आपोआप सावरलं पाहिजे. त्यासाठी कुणाला वेबलॉजिक रीस्टार्ट करावं लागलं, तर डेटासोर्सची टेस्टिंगची सेटिंग्ज परत बघा. एका बँकेच्या प्रोजेक्टवर आमच्या रनबुकमध्ये ‘डेटाबेस मेंटेनन्सनंतर सगळे सर्व्हर रीस्टार्ट करा’ असं अनेक वर्षं लिहिलेलं होतं. ते का लिहिलंय, कुणाला माहीत नव्हतं. एक चौकोन टिक केल्यावर ती ओळ खोडली.

चौथा घाव नेम धरून घालता येत नाही: तयारी आणि कमिट यांच्या मधल्या क्षणी सर्व्हर मरणं. पण जोरात लोड चालू असताना दहा-वीसदा किल केलं की एखाद्या वेळी सापडतो. ओळखायचं कसं? ओरॅकल डेटाबेसमध्ये पेंडिंग टू-फेज ट्रान्झॅक्शनची यादी देणारा व्ह्यू असतो, त्यात ओळ दिसते. सर्व्हर उठल्यावर तो आपला लॉग वाचून ती सोडवतो. त्यासाठी डेटासोर्सच्या युजरला पेंडिंग ट्रान्झॅक्शनचे व्ह्यू वाचायची आणि डीबीएमएस एक्सए पॅकेज चालवायची परवानगी लागते. ही परवानगी नसेल तर रोजचं काम सुरळीत चालतं. फक्त रिकव्हरीच्या वेळी ओळी लॉक धरून बसतात. वेबलॉजिक मूळ सेटिंगनुसार ८६,४०० सेकंद, म्हणजे एक दिवस, प्रयत्न करत राहतं आणि मग सोडून देतं. डीबीएने त्याआधी हाताने रोलबॅक फोर्स केला तर अर्धी गोष्ट कमिट आणि अर्धी रोलबॅक होऊ शकते. त्याला आधी फोन करायला सांगा.

यात सर्व्हर मेला नाही पण गप्प बसलाय अशीही वेळ येते. लॉगमध्ये बीईए-०००३३७ आणि ‘स्टक’ हा शब्द शोधा. एखादा थ्रेड ६०० सेकंदांपेक्षा जास्त एकाच कामात अडकला की ही ओळ येते. लगेच रीस्टार्ट करू नका, पुरावा जातो. दहा-दहा सेकंदांच्या अंतराने तीन थ्रेड डंप (कुठला थ्रेड कुठल्या ओळीवर आहे याची यादी) घ्या. तिन्हींत तोच थ्रेड त्याच ओळीवर उभा असेल तर दोषी सापडला. बहुतेक वेळा तो कुणाच्या तरी उत्तराची वाट बघत असतो आणि त्या कॉलला टाइमआउटच लावलेला नसतो.

बाहेरच्या जगासाठी पोर्ट उघडण्याआधी एक अट. टी-थ्री हा वेबलॉजिकचा स्वतःचा प्रोटोकॉल आणि ॲडमिन कन्सोल इंटरनेटवर कधीही दिसता कामा नये. पासवर्डशिवाय सर्व्हरवर हवं ते चालवू देणाऱ्या चुका इथे वारंवार निघाल्या आहेत; २०२० मधली कन्सोलची चूक त्यातली गाजलेली. ओरॅकलचे पॅच जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये येतात. क्लस्टर असल्याचा फायदा इथे घ्या: एक सर्व्हर काढा, पॅच करा, उठवा, मग दुसरा. वर दिलेला पहिला घाव पचत असेल तर हे भर दुपारीही करता येतं.

आणि शेवटचा घाव, ॲडमिन सर्व्हर मारा. काहीच होणार नाही. मॅनेज्ड सर्व्हर चालूच राहतात, आणि एखादा पडला तर स्वतःकडच्या कॉन्फिगरेशनच्या प्रतीवरून ॲडमिनशिवायही उठू शकतो. फक्त तुम्हाला कॉन्फिगरेशन बदलता येत नाही. तेव्हा रात्री दोन वाजता ‘कन्सोल उघडत नाही’ असा फोन आला तर आधी ऑर्डरचं पान उघडतंय का ते बघा. उघडत असेल तर चहा टाका, ॲडमिन नंतर उठवू.